सोट्यावरचे दात

आप्पांच्या दिवाणखान्यात सत्तावन्न सोटे होते आणि प्रत्येकाला आपापला वास होता.

सूनबाई लग्न होऊन या घरात आली तेव्हा पहिले आठ दिवस तिला वाटत होतं की सोफ्याखाली काहीतरी मेलंय. ती रोज वाकून बघायची. नवव्या दिवशी सासूबाईंनी तिला दंडाला धरून उठवलं. "उगाच गुडघे झिजवू नकोस. काही मेलेलं नाही. तुझ्या सासऱ्यांचा छंद आहे तो."

छंद भिंतीवर टांगलेला होता. आफ्रिकेच्या दक्षिणेकडचे, पूर्वेकडचे जुने लाकडी सोटे. वर गोळा, खाली दांडा. कुणाचा गोळा संत्र्याएवढा, कुणाचा लिंबाएवढा. काहींच्या दांड्यावर तांब्याच्या तारेचं विणकाम, काही नुसते काळेकुळकुळीत आणि हाताला चिकट. आप्पा चाळीस वर्षं दातांचे डॉक्टर होते. दवाखाना बंद केल्यावर दुसऱ्याच्या तोंडात बघण्याची सवय काही सुटेना, म्हणून ते सोट्यांमध्ये बघायला लागले. तोच लांब दांडीचा आरसा, तीच आकडी, तोच कपाळावरचा दिवा. "आ करा" तेवढं म्हणायचं बाकी होतं.

सूनबाईला लाकडाचं वावडं नव्हतं. ती जुन्या फर्निचरच्या दुरुस्तीच्या कारखान्यात कामाला होती. मोडलेले पाय, उडालेलं पॉलिश, वाळवीने खाल्लेले खण हे तिचं रोजचंच. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने उत्साहाने सगळे सोटे तपासले आणि आप्पांना दोन बाजूला काढून दाखवले. "आप्पा, खरा सोटा मुळाच्या गाठीतून कोरतात. गाठ म्हणजे डोकं, खोड म्हणजे दांडा. लाकडाची रेघ डोक्यातून खाली वाहत येते. या दोघांवर बघा, गोल गोल वळी आहेत. हे लेथवर फिरवलेत. वरून बूट पॉलिश."

आप्पा चार दिवस तिच्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी ते दोन्ही सोटे सूनबाईच्या वडिलांना वाढदिवसाची भेट म्हणून दिले.

तेव्हा किळस यायची ती लाकडाची नव्हे. किळस यायची ती मंडळाची.

महिन्यातून एका रविवारी सोटा मंडळ आप्पांच्या घरी भरायचं. सहा सभासद, सगळे साठीच्या पुढचे, सगळे सभ्य, बूट दाराबाहेर ओळीत काढणारे. आत आले की मात्र त्यांच्या डोळ्यांत काहीतरी ओलं यायचं. सोटा हातात घेऊन ते त्याचं डोकं अंगठ्याने चोळायचे, नाकाशी न्यायचे, आणि मग आवाज खाली आणून विचारायचे, "लागलाय का?"

म्हणजे कुणाला लागलाय का. कुणाच्या टाळक्यात बसलाय का. बसला असेल तर सोटा खानदानी. बसला नसेल तर "कोरा." कोरा हा शब्द ते अशा सुरात उच्चारायचे की जणू चांगल्या घरातला मुलगा नापास झालाय.

आणि लागलाय की नाही हे ठरवायचे चाखणकर.

चाखणकर हे त्यांचं आडनाव नव्हतं, ती सासूबाईंची देणगी. गृहस्थ कस्टममधून निवृत्त झालेले, सोट्यांच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांची पद्धत साधी होती. ते सोटा चाटायचे. तीन ठिकाणी: डोक्यावर, मानेवर आणि शेपटीला. प्रत्येक वेळी डोळे मिटून, जीभ पूर्ण बाहेर काढून, सावकाश, पाकीट चिकटवल्यासारखी. मग ते म्हणायचे, "चरबी. मेंढीची असावी." थांबायचे. "हाताचा घाम, दोन पिढ्यांचा." आणखी थांबायचे, आणि इथे सगळे सभासद पुढे सरकायचे. "आणि... हं. रक्त."

"आहाहा," सभासद म्हणायचे.

तीच जीभ मग चहात बुडवलेल्या बिस्किटाकडे वळायची. सासूबाईंनी चाखणकरांचा कप वेगळा ठेवला होता आणि त्याच्या कानाला लाल दोरा बांधला होता. चाखणकरांना वाटायचं, मान आहे.

मंडळाचा सगळ्यांत लाडका सोटा म्हणजे आप्पांचा एकोणीस नंबर. मानेवर सात खाचा. दांड्यावर तांब्याची तार, मधेच एके ठिकाणी वेगळ्याच तारेने डागडुजी केलेली. आणि शेपटीकडे, टोकापासून चार बोटं वर, दातांच्या खुणा. आप्पांनी वर्तमानपत्राच्या पुरवणीत त्यावर लेख लिहिला होता, सोट्यासह फोटोही छापून आला होता. सात खाचा म्हणजे सात शत्रू, आणि सातव्याने मरता मरता सोट्याला चावा घेतला. 'एक दंतवैद्य म्हणून मी ठामपणे सांगू शकतो,' आप्पांनी लिहिलं होतं, 'की हे दात एका प्रौढ, धिप्पाड पुरुषाचे आहेत.' मंडळाच्या नव्या सूचिपुस्तकाच्या मुखपृष्ठावर एकोणीस नंबर झळकणार होता. येत्या रविवारी चाखणकरांनी जिभेचा शिक्का मारला की काम फत्ते.

मंगळवारी दुपारी दारावरची बेल वाजली.

दारात एक नर्सबाई होत्या. अंगावर इस्पितळाचा गणवेश, वर कोट, पायात दिवसभर उभं राहून दमलेले पांढरे बूट. वय पन्नाशीचं, उंच, सावळ्याहून सावळ्या, बोलणं स्वच्छ. हातात पुरवणीचं पान घडी करून धरलेलं. आप्पांना वाटलं, वाचक. त्यांनी लगबगीने केसांवरून हात फिरवला.

"या, या! लेख आवडला वाटतं."

"फोटो आवडला," नर्सबाई म्हणाल्या. "हा सोटा माझ्या आजोबांचा आहे. आम्ही मूळचे आफ्रिकेतले."

आप्पा हसले. दाढ काढण्याआधी ते पेशंटला बघून हसायचे, तसं. "बाई, असे हजारो सोटे असतात."

"असतात ना. पण मधे टेलिफोनची तार गुंडाळलेला एकच. आजोबा टेलिफोनच्या खांबांसाठी खड्डे खणायचे. तांब्याची तार तुटली तेव्हा त्यांनी कामावरची उरलेली तार आणून गुंडाळली."

सूनबाई मुलीला कडेवर घेऊन आतल्या दारात उभी होती. मुलगी, चिंगी, अकरा महिन्यांची. तिला दात येत होते, त्यामुळे सध्या ती घरातलं मिळेल ते चावत होती. या क्षणी आईचा खांदा.

"आणि सात शत्रू?" आप्पांनी विचारलं.

"मुली," नर्सबाई म्हणाल्या. "सात मुली झाल्या त्यांना. प्रत्येकीची एक खाच. आधीचा सोटा वाळवीने खाल्ला, म्हणून सातवी झाली त्या वर्षी त्यांनी नवा कोरला आणि सातही खाचा एकदम पाडल्या."

सूनबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सातही खाचा एकाच सुरीच्या, एकाच कोनातल्या, सारख्याच जुन्या होत्या, हे तिला पहिल्या वर्षापासून दिसत होतं. सात शत्रू एकाच दुपारी रांग लावून आले होते का, असं तिने एकदा विचारलंही होतं. आप्पांनी टीव्हीचा आवाज वाढवला होता.

"शाळा तपासणीसाठी एक साहेब आले होते," नर्सबाई सांगत होत्या. "त्यांना सोट्याचं चित्र काढायचं होतं. दोन दिवसांत आणून देतो म्हणाले. आजोबांनी चौदा वर्षं वाट बघितली. सातवी मुलगी माझी आई. माझ्याकडेच असते. चौऱ्याऐंशीची आहे, सहा वर्षं झाली, दिसत नाही तिला. तुमचा लेख मी तिला वाचून दाखवला. 'प्रौढ, धिप्पाड पुरुष' ऐकून ती इतकी हसली की मला पाणी आणावं लागलं. मग म्हणाली, घेऊन ये. मी हाताने ओळखते."

"का हसल्या?" आप्पांनी विचारलं. त्यांचं हसू कोपऱ्यांतून सुटायला लागलं होतं.

"तो चावा तिचा आहे म्हणून. वर चार, खाली दोन. वरच्या मधल्या दोघांत फट. ती फट तिच्या तोंडात सगळे दात पडेपर्यंत होती."

"छे, छे. दुधाच्या दातांतली फट पुढे पक्क्या दातांत राहतेच असं नाही," आप्पा म्हणाले.

चिंगीने खांदा सोडला.

नर्सबाईंनी दुधाचे दात हे शब्द उच्चारलेच नव्हते.

सूनबाईने आप्पांकडे पाहिलं. आप्पा एकोणीस नंबरकडे पाहत होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होत गेल्या आणि सूनबाईला त्या लालीतून सगळं वाचता आलं. त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. सोटा हातात घेऊन, कपाळावरचा दिवा लावून, आरसा धरून त्यांनी तान्ह्या पोरीच्या दातांच्या खुणा बघितल्या होत्या आणि त्याच बैठकीत एक मेलेला माणूस तयार केला होता.

"रविवारी या," आप्पा शेवटी म्हणाले. "आमचे तज्ज्ञ येतात. ते ठरवतील."

"दुपारी माझी ड्यूटी संपते. तीनला येते," नर्सबाई म्हणाल्या. जाताना त्यांनी सोट्याकडे एकदाच पाहिलं, हात लावू का असंही विचारलं नाही. दार लागलं.

सूनबाईने चिंगीला सासूबाईंकडे दिलं, आप्पांच्या पेटीतून मोजमापाचा काटा काढला आणि एकोणीस नंबर भिंतीवरून उतरवला. मधला दात: साडेसहा मिलिमीटर. मग ती चिंगीच्या पाळण्याच्या कठड्याशी गेली. कठड्यावर कालच्या ताज्या खुणा होत्या. साडेसहा.

"पक्का दात किती असतो, आप्पा?"

"माणसामाणसावर अवलंबून असतं."

"चिंगीच्या वेळी तुम्हीच सांगितलंत. साडेआठ."

"सूनबाई, मी चाळीस वर्षं दात बघितलेत."

"म्हणूनच विचारतेय ना."

आप्पा खुर्चीत बसले. थोड्या वेळाने लाडीगोडीच्या सुरात म्हणाले, "ओला कपडा ठेवून इस्त्री फिरवली की लाकडातले पोचे वर येतात ना? तू त्या टेबलाचे काढले होतेस."

"ते वाळलेल्या लाकडाचे. या खुणा लाकूड ओलं असताना पडल्यात आणि तशाच वाळल्यात. इस्त्रीने जायच्या नाहीत." तिने सोटा जागेवर टांगला. "आणि जाणार असत्या तरी मी काढल्या नसत्या."

"शत्रूच राहू दे ना गं त्याला," आप्पा म्हणाले. "कुणाचं काय बिघडतंय?"

गुरुवारी सूनबाई कारखान्यातून लवकर घरी आली. सासूबाई चिंगीला घेऊन दारातच उभ्या होत्या, तोंडाला पदर लावून.

"आत जाऊ नकोस," त्या म्हणाल्या. "तुझे सासरे सोट्याला चावतायत."

"स्वतः?"

"स्वतः चावले असते तर मी जेवायला वाढलं नसतं, मिटलं असतं. माणूस लावलाय."

मागच्या सज्जात आप्पांचं जुनं काम करायचं टेबल होतं, त्याला वस्तू आवळून धरायचा लोखंडी व्हाइस बसवलेला. व्हाइसच्या जबड्यात आणखी एक जबडा होता. कवळी. वरची आणि खालची, गुलाबी हिरड्यांसकट, वर्षानुवर्षं डब्यात राहून पिवळी पडलेली. तिच्या दातांत एकोणीस नंबरची शेपटी. आप्पा कपाळावरचा दिवा लावून, जीभ दातांत धरून, व्हाइसचा दांडा इंच इंच फिरवत होते. कवळी कुरकुरत होती. सगळीकडे लवंगेच्या तेलाचा वास पसरला होता, म्हणजे दवाखान्याचा वास, म्हणजे दुखणाऱ्या दाढेचा वास. सूनबाई पुढे झाली.

"आप्पा."

आप्पा दचकले. खालची कवळी कटकन मोडली आणि तिचा एक दात टेबलावर टुणटुण उड्या मारत कुंडीत गेला.

"कुणाची आहे ही?" तिला दुसरं काही सुचलंच नाही.

"एक पोस्टमास्तर होते. माप देऊन गेले, घ्यायला आलेच नाहीत."

"का?"

"वारले." आप्पांनी दिवा बंद केला. "ठेवून दिली होती. टाकवत नाही गं अशी वस्तू."

तिने सोटा व्हाइसमधून सोडवला. वरच्या चार छोट्या खुणांवर आता चार मोठ्या, खोल खुणा बसल्या होत्या. आप्पांनी त्यांत तपकिरी बूट पॉलिशही भरलं होतं, काडीला कापूस गुंडाळून, रूट कॅनाल भरावा इतकं नीट. पलीकडच्या बाजूचे खालचे दोन दात तेवढे वाचले होते, कारण पोस्टमास्तरांनी ऐन वेळी साथ सोडली होती. लाकूड वाळून दगड झालेलं असताना त्यात हे चावे उमटवायला केवढा जोर लावावा लागला असेल, हे तिला लाकडाच्या फाटलेल्या दोऱ्यांवरून कळत होतं. सत्तरीतल्या माणसाने, दुपारची झोप मोडून.

"लवंगेचं तेल कशाला?"

"निर्जंतुक करायला," आप्पा म्हणाले. "तेवढी स्वच्छता पाळली पाहिजे."

सूनबाईने कवळीचे तुकडे रुमालात बांधून घेतले आणि हात धुवायला गेली. साबण लावून तीनदा धुतले. वास गेला नाही.

रविवारी बूट ओळीत लागले. सभासद जमले, चहा आला, लाल दोऱ्याचा कप आला. आप्पांनी एकोणीस नंबर दोन्ही हातांवर आडवा धरून चाखणकरांपुढे आणला. चाखणकरांनी आधी काचेने दात बघितले. "वा! आधी वाटले त्याहून खोल आहेत हो. प्रौढच. काय आवळला असेल त्याने जबडा!"

मग त्यांनी डोळे मिटले आणि जीभ काढली. डोकं. मान. शेपटी. शेपटीला जीभ थबकली. भुवया वर गेल्या. ते पुन्हा चाटले. सूनबाईने भिंतीकडे तोंड केलं.

"लवंग," चाखणकर म्हणाले.

आप्पांनी हातातली बशी टेबलावर ठेवली.

"लवंग!" चाखणकरांचा आवाज चढला. "मित्रहो, आपण याला इतके दिवस दक्षिणेचा समजत होतो. हा सोटा प्रवास केलेला आहे! पूर्व किनारा, लवंगांची बेटं, जहाजं. हा सातवा माणूस साधासुधा नव्हे. हा व्यापारी असणार. मसाल्याचा व्यापारी, मरता मरता, तोंडात लवंग!"

"आहाहा," सभासद म्हणाले. एकाने डोळे पुसले. आप्पांनी बशी पुन्हा उचलली. त्यांनी चक्क मान डोलावली.

तीन वाजले आणि बेल वाजली. सूनबाईने दार उघडलं, नर्सबाईंना आत घेतलं, आणि बसा म्हणायच्या आधी स्वयंपाकघरात जाऊन एक प्लेट आणली. ती तिने बिस्किटांच्या शेजारी ठेवली आणि वरचा रुमाल काढला.

"हा तुमचा मसाल्याचा व्यापारी," ती चाखणकरांना म्हणाली. "पोस्टात होता. गुरुवारी आप्पांनी याला व्हाइसमध्ये घालून सोट्याला चाववलं. लवंग आमच्या सज्जातली आहे. त्याखाली जे छोटे दात आहेत ते या बाईंच्या आईचे, दुधाचे. साडेसहा मिलिमीटर. आप्पांना पहिल्यापासून माहीत होतं. सोटा यांचा आहे, तो यांना देऊन टाका."

सगळे आप्पांकडे बघत होते आणि आप्पा चहाकडे. सूनबाईला वाटलं, झालं. आता लाजेने माना खाली जातील, मंडळ उठेल, सोटा घरी जाईल.

चाखणकरांनी हात पुढे केला, प्लेटमधली वरची कवळी उचलली, खिडकीच्या उजेडात धरली. मग डोळे मिटले.

"नको हो!" सासूबाई आतून ओरडल्या.

पण जीभ फिरली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत, गुलाबी हिरडीवरून, चौदाही दातांवरून.

"तीच लवंग," चाखणकर म्हणाले. "सूनबाई खरं बोलतायत."

नर्सबाई इतकी वर्षं इस्पितळात होत्या. त्यांनी काय काय पाहिलं असेल. त्यांनी भिंतीचा आधार घेतला.

चाखणकरांनी कवळी प्लेटमध्ये ठेवली आणि बिस्किट उचललं. "म्हणजे खालचे दात तान्ह्या मुलाचे," ते विचार करत म्हणाले. "तान्ह्या मुलाचे दात लागलेला सोटा! असा मी जन्मात पाहिला नाही. कुठल्याच संग्रहात नसेल."

खोलीत पुन्हा काहीतरी ओलं झालं. सभासद पुढे सरकले. एक म्हणाला, मुखपृष्ठावर दात मोठे करून छापू. दुसरा म्हणाला, बालविभाग असं स्वतंत्र प्रकरण काढू. तिसऱ्याने नर्सबाईंना अत्यंत अदबीने विचारलं, "आपल्या मातोश्री हयात आहेत ना? त्यांच्या हिरड्यांचा साचा मिळेल का? शेजारी ठेवायला?"

"आणि सोटा?" नर्सबाईंनी विचारलं.

"तो कसा देता येईल? आता तर तो अमूल्य आहे," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज परत आला होता. त्यांची छातीही परत आली होती. "तुम्हाला आम्ही सूचिपुस्तकाची एक प्रत देऊ. मातोश्रींना फोटो दाखवा."

"तिला दिसत नाही."

"मग वाचून दाखवा."

सूनबाई आप्पांच्या तोंडाकडे बघत राहिली. याच माणसाने चिंगीचा पहिला दात दिसला तेव्हा सगळ्या बिल्डिंगला सांगितलं होतं.

"तुमच्या घरी हा सोटा धुवायचे का हो?" तिने नर्सबाईंना विचारलं.

"दर आठवड्याला. आजी राखेने घासायची. आजोबा ओरडायचे, पण तिचं म्हणणं, मुली तोंडात घालतात."

"मग धुऊ?"

नर्सबाईंनी तिच्याकडे क्षणभर बघितलं. "धुवा."

सोटा आप्पांच्या गुडघ्यावरून उचलून सूनबाई स्वयंपाकघरात शिरली तोवर कुणाच्या लक्षात आलं नाही. नळाचा आवाज आला तेव्हा चाखणकर ताडकन उठले. "पाणी नको! पाणी लावू नका! शंभर वर्षांचा थर आहे तो, सगळी किंमत त्या थराला आहे! धुतलेला सोटा म्हणजे नुसतं लाकूड!"

"तेच हवंय," सूनबाई म्हणाली.

गरम पाणी, धुण्याचा सोडा, तारेची घासणी. सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या, कडेवर चिंगी, आणि सहा माणसं त्यांच्या खांद्यांवरून डोकावत कण्हत होती. सोट्यावरून आधी बूट पॉलिश निघालं, मग लवंग, मग काहीतरी करडं, मग एक तपकिरी साय, जी मोरीत जायलाही तयार होईना. वास असा सुटला की चिंगीने तोंड फिरवलं, आणि चिंगी स्वतःचा मोजा चावणारी मुलगी. सूनबाईला कोरडी उलटी आली. तिने तोंड खांद्यावर पुसलं आणि घासत राहिली. यात किती चरबी होती, किती घाम, आणि किती चाखणकर, हे तिला कळून घ्यायचं नव्हतं. हळूहळू खालून लाकूड वर आलं. तांबूस, बारीक रेघांचं, रेघ मुळाच्या गाठीतून सरळ दांड्यात उतरलेली. ज्याने कोरलं त्याचा हात चांगला होता.

तिने सोटा कोरड्या पंच्याने पुसून बाहेर आणला. चाखणकरांनी तो हातात घेतला. थरथरत्या जिभेने एकदाच स्पर्श केला.

"साबण," ते म्हणाले, आणि सोटा टेबलावर ठेवला. "कोरा."

दहा मिनिटांत दाराबाहेरचे बूट नाहीसे झाले. आप्पा खुर्चीत तसेच बसले होते. त्यांनी टेबलाकडे बघितलंही नाही. मग हात नुसता हवेत झटकला, टेबलावरची माशी हाकलावी तसा.

"घेऊन जा. आता त्याचं इथे काय काम?"

माफ करा म्हणाले नाहीत. म्हणतील असं कुणाला वाटलंही नव्हतं. सासूबाईंनी लाल दोऱ्याचा कप दोऱ्यासकट कचऱ्याच्या डब्यात टाकला.

नर्सबाईंचं घर दोन रस्ते पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर. सूनबाई चिंगीला घेऊन बरोबर गेली. त्या घरात थांबवत नव्हतं हे एक, आणि धुतलेल्या सोट्याला त्या आजी ओळखतील की नाही, ही धास्ती दुसरी. आपण रागाच्या भरात सगळंच पुसून टाकलं असेल तर?

आजी खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. बारीक, ताठ, तोंडात एकही दात नाही. नर्सबाईंनी काही न बोलता सोटा त्यांच्या मांडीवर ठेवला.

आजींनी आधी गोळ्यावर तळहात ठेवला. मग बोटं मानेवर आली. "थोरली," त्या म्हणाल्या. "दुसरी. तिसरी, ती गेली लहानपणीच. चौथी. पाचवी भांडखोर. सहावी." सातव्या खाचेवर बोट थांबलं, तिथेच थोडं फिरलं. मग तारेवरून खाली. टेलिफोनच्या तारेवर नख वाजवून त्या हसल्या. मग शेपटी. अंगठा चाचपडला आणि सापडला. दोन छोटे खड्डे.

"हे माझे," आजी म्हणाल्या.

नर्सबाईंनी तोंड दुसरीकडे फिरवलं.

आजींनी सोटा उलटा केला. अंगठा पलीकडच्या बाजूवर गेला, आणि थांबला. पुन्हा फिरला. कपाळाला आठ्या पडल्या. चार मोठे, खोल, फाटके खड्डे, मधे फट नाही.

"आणि हे कोण चावलं?"

नर्सबाईंनी सूनबाईकडे बघितलं.

"एक पोस्टमास्तर, आजी," सूनबाई म्हणाली.

"मोठा माणूस?"

"हो. वारले ते."

"चावून?"

"आधीच. त्यांची कवळी होती, माझ्या सासऱ्यांकडे. सासऱ्यांनी ती..." तिने वाक्य पूर्ण करायचा प्रयत्न केला. अशा वाक्याला शेवट कुठून आणायचा? "मुद्दाम," ती म्हणाली.

आजींनी अंगठा उचलला आणि शालीला पुसला. एकदा, मग पुन्हा, मग बोटाच्या पेरापर्यंत. बिनदातांचं तोंड आंबट खाल्ल्यासारखं गोळा झालं. त्यांनी सोटा दोन बोटांत धरून, अंगापासून लांब, लेकीच्या दिशेने पुढे केला.

"शी," त्या म्हणाल्या. "परत एकदा धू."